पाहुण्यांसाठी घासलेली पाती

हे पत्रक नाही. पत्रक काढायला ताईने मला मनाई केली आहे, आणि घरात मी ऐकते ते फक्त तिचं. पत्रक असतं तर वर ठळक मथळा आला असता, खाली मागण्या आल्या असत्या, आणि मी ते सयाजीगंजात स्टेशनच्या तोंडाशी उभी राहून वाटलं असतं. इथे मागणी काही नाही. राग आहे, आणि तो नेमका कुणावर आणि कशाचा, ते सांगायचं आहे.

माझी थोरली बहीण इंजिनिअर आहे. खंबातच्या आखातात भरतीचं पाणी ज्या जोराने आत घुसतं आणि ओहोटीला ज्या जोराने बाहेर पळतं, त्या जोरावर वीज तयार करायची, असा तीन देशांचा मिळून एक संशोधन प्रकल्प चालू आहे. दोन देश उत्तरेकडचे, थंडीचे, सुखवस्तू. तिसरे आपण. त्यांच्याकडे पैसे आणि प्रयोगशाळा, आपल्याकडे आखात. आपल्या बाजूचं काम बडोद्यातली एक संस्था बघते. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे म्हणतील, हां, ती संस्था तशीच आहे, आणि बाकीच्या सगळ्या सुटतील.

प्रकल्प वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. कोळशाच्या राखेविरुद्ध आणि कारखान्यांच्या घाण पाण्याविरुद्ध बोंब मारत मी गावभर हिंडते. भरतीच्या विजेला मी कशाला नाही म्हणू? पहिल्यांदा ताईने सांगितलं तेव्हा मी तिला मिठी मारली होती. ती म्हणाली, "चला, पुढारीणबाईंची मंजुरी मिळाली. आता वीज यायला हरकत नाही."

ताईचा प्रश्न साधा होता. आपल्या आखाताचं पाणी म्हणजे पाणी नव्हे, उकळलेला चहा. हात बुडवला तर मनगट दिसत नाही. मही, नर्मदा, साबरमती, तापी, सगळ्या आपापली माती आणून तिथे ओततात आणि भरती ती ढवळत बसते. त्या गाळात चक्र फिरवायचं तर त्याची पाती किती दिवस टिकतील? गाळ धातूला खातो. किती खातो, हे कुणी मोजलं नव्हतं. उत्तरेकडच्या मंडळींच्या टाक्यांमध्ये पाणी काचेसारखं, कारण ते पात्यांभोवतीचा प्रवाह कॅमेऱ्याने टिपतात. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा. म्हणून देशातल्या सगळ्यात गढूळ आखातासाठी बनवलेली पाती ते नितळ पाण्यात फिरवून बघत होते, आणि फोटो फार सुरेख येत होते.

ऑनलाइन मीटिंगा दुपारी असायच्या, ताई जेवणाचं ताट बाजूला ठेवून बसायची. एकदा मी मागून ऐकलं. तिकडचा कुणीतरी म्हणाला, "तुमच्या टाकीत काहीच दिसत नाही."

ताई म्हणाली, "आमच्या समुद्रातही दिसत नाही."

तिकडे सगळे हसले. हसले, पण मान्य केलं. शहराच्या टोकाला, छाणीच्या बाजूला संस्थेने एक शेड भाड्याने घेतली होती. तिथे ताईने लांबट गोल लोखंडी टाकी बनवून घेतली, टेंपोतून आखाताचा गाळ आणवला, आणि पावसाळा संपता संपता पंप चालू केला. पाणी गोल फिरत राहायचं आणि त्यात पंज्याएवढी पाती फिरत राहायची. पंप बंद करायचा नाही. केला तर गाळ खाली बसून दगड होतो. पाती मधेच काढून बघायची नाहीत. हा नियम त्यांचाच. थंडीत तिन्ही देशांचे लोक बडोद्याला येतील, त्या सगळ्यांच्या देखत पाती काढायची आणि झीज मोजायची, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा नको. आकडा मोठा निघाला तर पुढच्या टप्प्यात गाळाची चाचणी सक्तीची होणार होती, आणि ती करायला ताई वर्षभर तिकडे जाणार होती. जागा तिच्यासाठी जवळजवळ धरूनच ठेवली होती. ताईने बॅगांची दुकानं हिंडायला सुरुवात केली होती. ती असं कधी करत नाही. ती कामात बुडालेली, स्वप्नं बघणारी मी.

मग पाहुणे यायची वेळ आली.

आपल्याकडे पाहुणे येणार म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. शेडला रंग लागला. कुठूनशा कुंड्या आल्या. सयाजीगंजातला जो छापखानावाला आमची पत्रकं छापतो त्याच्याचकडे संस्थेचा बॅनर होता. मी तिथे गेले तेव्हा तो टेबलावर पसरलेला. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, एका कोपऱ्यात नारळाचं झाड.

"भाई, हा कुठला दरिया?" मी विचारलं.

"इंटरनेटवाळो," तो म्हणाला. "साहेबांना असली फोटो दाखवली ती पसंत नाही पडली. बोले, आ तो गटर जेवुं लागे छे."

खरा समुद्र साहेबांना गटारासारखा वाटत होता. मी तिथे हसले. मला वाटलं, बॅनरवर भागेल.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ताईला शेडवर जाऊच दिलं नाही. प्रकल्पाचे प्रमुख, त्यांना आपण सर म्हणू, ते मराठीच, जुन्या बडोदा राज्यातल्या अंमलदारांच्या घराण्यातले, आमच्या बाबांच्या ओळखीचे. त्यांनी तिला हॉटेलवर पाठवलं. गळ्यात घालायची ओळखपत्रं लावायची, जेवणात तिखट कमी ठेवायला सांगायचं, खोल्यांत फुलं आहेत का बघायचं. त्या प्रकल्पात पुरुष इंजिनिअर होते. पण "तू मुलगी आहेस, तू नीट बघशील." मी तिच्याबरोबर ओळखपत्रांच्या दोऱ्या ओवत बसले होते, तेव्हा तिचा फोन वाजला. शेडवर पंपाकडे लक्ष ठेवणारे काका. आनंदाने ओरडत होते, मलासुद्धा ऐकू येत होतं.

"बेन, तमे आवीने जुओ तो खरा! टांकी अरीसा जेवी करी नाखी! पांखियां पण चमकावी दीधां!"

टाकी आरशासारखी. पातीसुद्धा चमकवली.

 ताईने हातातली दोरी खाली ठेवली, ओळखपत्रांची चळत सारखी केली, आणि म्हणाली, "तुझ्या स्कूटरची चावी दे." मी दिली नाही. मी चालवली, ती मागे बसली. छाणीपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून होती आणि तिचा हात एवढा घट्ट होता की मला रस्त्याकडे बघवत नव्हतं.

शेडमध्ये फिनाईलचा वास. टाकी रिकामी, आतून पांढरी रंगवलेली, रंग अजून ओला. गाळ मागच्या बाजूला मोकळ्या जागेत ओतून दिला होता आणि तो उन्हात तडकत होता. पाती एका टेबलावर, लाल कापडावर, ओळीने मांडलेली. लग्नात रुखवत मांडतात तशी. काका बाजूला उभे, कौतुकाची वाट बघत. शेजारच्या वर्कशॉपमध्ये बफिंगचं मशीन आहे, तिथून घासून आणली होती. इतकी चकचकीत की ताई वाकली तेव्हा तिचा चेहरा त्यात दिसला.

मोजायची होती ती झीज पात्यांच्या कडांवर होती. कडा मशीनने घासून गोल, गुळगुळीत केल्या होत्या. गाळाने किती खाल्लं आणि मशीनने किती, हे आता जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं.

काकांवर मला राग आला नाही. त्यांना सांगितलं ते त्यांनी जीव लावून केलं. मी सरांकडे वळले. ते मांडववाल्याशी बोलत होते.

"सर, हे कुणी सांगितलं?"

"काय?" त्यांनी बघितलं. ताईकडे, मग माझ्याकडे. "अगं, पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर काय तो राडा ठेवायचा होता? वास येत होता तिथे. आणि पाती तर काढायचीच होती ना उद्या?"

"सगळ्यांच्या देखत काढायची होती," ताई म्हणाली. "आणि मोजायची होती."

"मग मोज ना. कोण नाही म्हणतं? मी धुवून-पुसून ठेवा म्हणालो. पॉलिश करा असं मी म्हणालो नव्हतो."

"मग काय म्हणालात?" मी.

"चकचकीत दिसली पाहिजेत म्हणालो. त्यात काय चुकलं? आणि तुम्ही कोण? तुमचा इथे काय संबंध?"

"मी हिची बहीण. आणि तुम्ही हिचं काम बफिंगला दिलंत."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. ताईला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला, अगदी घरच्यासारखा. मी दोन पावलं मागे होते, मला ऐकू येत होतं. "हे बघ, उद्या वजन कर. आधीचं वजन आहेच तुझ्याकडे. फरक भरपूर येणार. बफिंगने वजन उतरलंय ना? मग झीज जास्तच दिसेल. तुला हेच सिद्ध करायचं होतं ना? तुझ्याच फायद्याचं आहे. मशीनचं त्यांना कोण सांगणार आहे?"

हे वाक्य मी कितीही वेळा आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. त्या माणसाला झीज म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. त्याला सगळं कळत होतं.

ताई म्हणाली, "नाही सर."

एवढंच. मी असते तर टेबल उलटं केलं असतं.

संध्याकाळी घरी, समा भागात, बाबांना सगळं सांगितलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवतात. मला वाटलं होतं, ते उठून सरांना फोन लावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाहुणे येणार म्हटल्यावर साफसफाई होणारच. त्यांचा हेतू वाईट नसेल. आपल्यातले आहेत ते."

"आपल्यातले आहेत म्हणून काय ताईची पाती खाणार?"

"तू गप्प बस. तुझ्याशी बोलणं म्हणजे सभेत उभं राहणं." मग ताईला, हळूच: "वजन करायला काय हरकत आहे गं? झीज तर झालीच होती. खोटं कुठे आहे त्यात?"

"किती झाली होती, बाबा?"

"म्हणजे?"

"किती? माझा प्रश्न तोच होता. झाली होती हे तर काकांनाही माहीत आहे."

 बाबा म्हणाले, "पण मग तुझं जाणं?" आणि ताईने ताटं घ्यायला सुरुवात केली.

मी तिथेच पत्रकाचा मथळा सांगायला लागले. ती म्हणाली, "पत्रक नाही. तू पत्रक काढलंस की मी तुझी बहीण होते, माझं काम तुझ्या चळवळीचं होतं. हे माझं काम आहे. मला बोलू दे."

दुसऱ्या दिवशी एक ओळखपत्र जास्तीचं उरलं होतं, त्यावर 'स्वयंसेवक' लिहिलं होतं, ते मी गळ्यात घातलं. पाहुण्यांना हार, कपाळाला कुंकू. टाकीत नळाचं पाणी भरलं होतं आणि खाली निळा दिवा लावला होता. हो, निळा. बॅनरशी जुळावा म्हणून असेल. चमचमती पाती त्या निळ्या पाण्यात फिरत होती आणि तीन देशांचे शास्त्रज्ञ मोबाईल काढून फोटो घेत होते. त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की गाळ कुठे गेला. ज्या गाळासाठी ते विमानात बसून आले होते, तो वीस पावलांवर भिंतीमागे वाळत पडला होता. पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई, त्यांच्या बाजूच्या प्रमुख, म्हणाल्या, "किती स्वच्छ!" सर फुलून आले.

ताईला निष्कर्ष मांडायचे होते. कार्यक्रमपत्रिकेतून ते गळाले होते. सर माईकवर म्हणाले, "निष्कर्षांवर काम चालू आहे," आणि पुढे गेले. ताईकडे उरलं आभारप्रदर्शन. तेही ती मुलगी म्हणून. आपल्याकडे कुठल्याही सभेत आभार मानायला कोणाला उभं करतात ते बघा एकदा.

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता. इंग्रजीत बोलली, एका सुरात, आभार मानतात तशी. पाहुण्यांचे आभार, ते इतक्या लांबून आले. टाळ्या. संस्थेचे आभार. टाळ्या. हॉटेलचे, मांडववाल्याचे, जेवण बनवणाऱ्यांचे. टाळ्या, टाळ्या. मग त्याच सुरात:

"पावसाळ्यापासून गाळात फिरत असलेली पाती काल तुमच्या स्वागतासाठी मशीनवर घासून चकचकीत करण्यात आली. त्यामुळे गाळाने ती किती झिजवली हे आता मोजता येणार नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचे मी प्रयोगाच्या वतीने आभार मानते."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शप्पथ सांगते, वाजवल्या. आभाराचं वाक्य संपलं की टाळी पडते, तेवढंच त्यांना माहीत. पहिल्या रांगेत सरांचे हात अर्धे वर आले आणि थांबले. मागच्या रांगा वाजवतच होत्या. ताई खाली उतरली आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघता येईना, म्हणून मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले, एक एक, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला शिवी दिली.

प्राध्यापक बाईंना मात्र कळलं होतं. जेवणाच्या वेळी त्या ताईपाशी आल्या. हातात ढोकळ्याची बशी. "तुम्ही म्हणालात ते खरं आहे का?" ताईने सगळं सांगितलं, मशीन कुठे आहे, गाळ कुठे ओतला आहे, वजनाचा मार्ग तिला सुचवला गेला आणि तिने का नाकारला. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मला क्षणभर वाटलं, आता ही बाई बशी खाली ठेवेल.

"फार दुर्दैवी," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला वेळापत्रक आहे. चाचणी पुन्हा करायची तर एक हंगाम जाईल, आणि निधी थांबत नाही. खरं सांगायचं तर नितळ पाण्यातली आमची माहिती चांगली आहे. सध्या तिच्यावर पुढे जाऊ."

"पण समुद्र नितळ नाही," ताई म्हणाली.

"ते आम्ही अहवालात नमूद करू." आणि त्यांनी ताईच्या दंडावर हात ठेवला. मायेने. त्या हाताचा मला सरांपेक्षा जास्त राग आला. सरांना निदान भीती होती, पाहुणे काय म्हणतील याची. या बाईंना कुणाची भीती होती? त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी ढोकळा खाल्ला.

अहवालाचा मसुदा आला त्यात नमूद केलं होतं. एक वाक्य. 'गाळयुक्त पाण्यातील चाचणीचे निष्कर्ष भारतीय बाजूकडून उपलब्ध होऊ शकले नाहीत.' खाली नावांच्या रांगेत ताईचं नाव. गाळाची चाचणी पुढच्या टप्प्यातून काढलेली. पण त्यांच्या टाकीवर, त्यांच्या नितळ पाण्यात काम करायला वर्षभर यायचं आमंत्रण ताईला तरीही होतं. म्हणजे तोंड बंद ठेवायची पद्धतसुद्धा किती सभ्य.

ताईने त्यांना कळवलं: 'उपलब्ध होऊ शकले नाहीत' ऐवजी 'नष्ट करण्यात आले' असं लिहा. सरांनी फोन केला, तो तिने घेतला. मी शेजारी होते. ते सांगत होते, शब्द तर आहे, एवढ्याने तू तुझं करिअर घालवतेस, संस्थेची लाज काढतेस, तुझ्या वडिलांना काय वाटेल. तिकडच्यांनी उत्तर दिलं की शब्द सर्व भागीदारांच्या संमतीने ठरला आहे. सर्व भागीदार म्हणजे ताई सोडून सर्व.

मग तिने लिहिलं की अहवालावरून माझं नाव काढा. ते मात्र त्यांनी लगेच काढलं. त्याबरोबर तिची तिकडची जागाही दुसऱ्याला गेली. नितळ पाण्यात पास झालेली पाती आता मोठ्या आकारात बनताहेत आणि ती आपल्या आखातात उतरतील.

ताईने हे बाबांना सांगितलं तेव्हा ते वह्या तपासत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.  मग म्हणाले, "बरं केलंस, असं माझ्याच्याने म्हणवत नाही गं. तू गेली असतीस तर मला आवडलं असतं."

"मलाही, बाबा," ताई म्हणाली. "मला फार जायचं होतं."

मी तिला तोपर्यंत कधीच हे म्हणताना ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि कपडे वाळत घालायला लागली. मी मागोमाग गेले, तोंडात शंभर वाक्यं घेऊन, सगळी मथळ्यासारखी. तिने ओला टॉवेल माझ्या हातात दिला.

"दुसरं टोक धर," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस."

मी धरलं.